कर्बाचा पिंजरा आणि चुंबकाची दृष्टी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार संघटनेतला माणूस उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता किंवा कामगार कायदा यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी त्यांपैकी कशावरही बोलणार नाही. माझा विषय आहे एमआरआय नावाचे यंत्र, त्या यंत्रासाठी शिरेतून टोचले जाणारे औषध, आणि ते औषध काजळीतून काढलेल्या कणांत भरता येईल काय, हा प्रश्न. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. दहावीनंतर कारखान्यात लागलो. पुढचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जे मला समजले, ते ज्या क्रमाने समजले त्याच क्रमाने आपल्यापुढे ठेवतो.

या विषयाकडे मी केवळ कुतूहलाने वळलो नाही. २००९ सालची गोष्ट. आमच्या युनियनमधल्या एका जुन्या सोबत्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चाले. त्यातच डोके दुखू लागले, चालताना तोल जाऊ लागला, म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय काढायला सांगितले. मी बरोबर गेलो होतो. तिथल्या माणसाने कागद पाहिले आणि म्हणाला, "यांना कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देता येणार नाही. साधंच चित्र काढू." चित्र निघाले, पण ज्या जागेविषयी शंका होती तिच्याविषयी त्यावरून निश्चित काही सांगता येईना. परत येताना रिक्षात तो मला म्हणाला, "भाऊ, यंत्र सगळ्यांना सारखंच ना? मग मला अर्धंच का?"

मला उत्तर देता आले नाही. तो सोबती आज हयात नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे वाचले, त्याचा गोषवारा म्हणजे हे व्याख्यान.

पाण्याची साक्ष

प्रथम हे यंत्र पाहते तरी काय, ते समजून घेऊ. क्ष-किरणांच्या चित्रात हाड उठून दिसते, कारण ते किरण हाडात अडतात. एमआरआयमध्ये क्ष-किरण मुळीच नसतात. तेथे तीन गोष्टी असतात: एक प्रचंड चुंबक, रेडिओच्या लहरी, आणि आपल्याच शरीरातले पाणी. माणसाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनच्या अणूचा गाभा म्हणजे एक प्रोटॉन. हा प्रोटॉन एखाद्या फिरत्या भोवऱ्यासारखा, आणि त्याच वेळी एका बारीकशा चुंबकासारखा वागतो.

एरवी हे असंख्य भोवरे वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. माणूस चुंबकाच्या बोगद्यात झोपला की त्यांपैकी थोडे अधिक त्या चुंबकाच्या दिशेला वळतात. किती अधिक? नेहमीचा चुंबक दीड टेस्ला शक्तीचा असतो, म्हणजे आपल्याकडे पृथ्वीचे जे चुंबकत्व जाणवते त्याच्या तीस हजार पटींहून अधिक बलवान. एवढ्या शक्तीपुढेही दहा लाखांमागे जेमतेम पाच-दहा प्रोटॉनांचे आधिक्य त्या बाजूला होते. परंतु पाण्याच्या एका थेंबात रेणूंची संख्याच इतकी अफाट आहे की, एवढ्या निसटत्या बहुमतावरही काम भागते.

मग सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख कंपने असलेली रेडिओलहर सोडतात. तिने हे भोवरे कलंडतात. लहर थांबली की ते पुन्हा चुंबकाच्या दिशेला येऊन स्थिरावतात, आणि कलंडलेले असतात तोवर स्वतः एक क्षीण रेडिओलहर परत पाठवतात. यंत्र ऐकते ती हीच. चरबीतले भोवरे सेकंदाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास स्थिरावतात. मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवातले कित्येक सेकंद रेंगाळतात. एका विशिष्ट पद्धतीने चित्र काढले तर लवकर स्थिरावणारी जागा उजळ आणि रेंगाळणारी जागा काळी उमटते. म्हणजे आपल्याला दिसते ते शरीराचे रूप खरे तर पाण्याच्या स्वभावाचे रूप असते.

ही विद्या एका माणसाची नाही. अणूच्या गाभ्याचे हे वागणे पदार्थात प्रत्यक्ष मोजले ते अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी, वेगवेगळे राहून, १९४६ साली. १९५२ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ मध्ये रेमंड दमादियन यांनी उंदरांच्या गाठींतले पाणी निरोगी भागातल्या पाण्यापेक्षा उशिरा स्थिरावते, असे दाखवले. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकाची शक्ती जागोजागी थोडी कमी-जास्त ठेवून लहर कोणत्या ठिकाणाहून आली हे ओळखण्याची युक्ती काढली, आणि इंग्लंडमध्ये पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती वेगवान केली. लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले, दमादियन यांना मिळाले नाही. तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध नोंदवला. श्रेयाचा वाद कारखान्यातच असतो असे नाही!

विष आणि त्याचे भांडे

पण पाण्याच्या या साक्षीला मर्यादा आहे. मेंदूतली एखादी लहानशी गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग यांतले पाणी पुष्कळदा सारखेच वागते. चित्रात दोघांचा रंग एकच येतो. अशा वेळी चित्राला उठाव देणारे औषध शिरेतून सोडतात. दवाखान्यात त्यालाच कॉन्ट्रास्ट म्हणतात. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत घट्ट असते, तिच्यातून हे औषध मेंदूत शिरू शकत नाही. जेथे गाठ किंवा दाह आहे तेथे ती भिंत पाझरते, औषध बाहेर येते, आणि नेमकी तीच जागा उजळून निघते. माझ्या सोबत्याच्या चित्रात जी जागा संशयित राहिली, तिचा निकाल याच पाझरण्यावरून लागला असता.

या औषधातला कर्ता म्हणजे गॅडोलिनियम नावाचा धातू. मूलद्रव्यांच्या यादीत याचा क्रमांक ६४ वा. याच्या विद्युद्भारित अणूत सात इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतात, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन हा प्रोटॉनच्या सुमारे साडेसहाशे पट बलवान चुंबक असतो. अशा अणूच्या सान्निध्यात पाण्याचा रेणू आला की त्यातले भोवरे झटपट स्थिरावतात. एक रेणू जातो, दुसरा येतो. अशी सेकंदाला लक्षावधी रेणूंची ये-जा चालते आणि तेवढा परिसर उजळतो. यात एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. गॅडोलिनियम स्वतः चित्रात दिसतच नाही. त्याच्यामुळे शेजारच्या पाण्याचे वागणे बदलते, आणि ते बदललेले वागणे आपण पाहतो. संघटनेच्या कामात असे काही कार्यकर्ते मी पाहिले आहेत. सभेच्या फोटोत त्यांचा चेहरा सापडत नाही. पण खाते चालताना ते तेथे होते, हे शेजाऱ्यांवरून कळते.

परंतु हा धातू सुटा असला तर विषारी आहे. त्याचा भारित अणू आकाराने कॅल्शियमच्या अणूएवढा असतो. आपल्या मज्जा, स्नायू आणि हृदय यांचा व्यवहार कॅल्शियमवर चालतो. त्याच्या वाटेत हा परका जाऊन बसला तर व्यवहार अडतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी भांडे तयार केले. अनेक हातांचा एक रेणू घ्यायचा, त्याने धातूला आठ ठिकाणी धरायचे, आणि नववी जागा पाण्यासाठी मोकळी ठेवायची. पकड घट्ट, पण एक खिडकी उघडी, असे हे भांडे. यांतले पहिले औषध १९८८ मध्ये वापरात आले. साठ किलो वजनाच्या माणसाला नेहमीच्या मात्रेत जवळजवळ एक ग्रॅम गॅडोलिनियम दिला जातो. मूत्रपिंडे चांगली असतील तर दीड तासात त्यातला निम्मा लघवीवाटे निघून जातो, आणि एका दिवसात बहुतेक सगळा. भांडे न उघडता आले तसे परत गेले, की काम फत्ते.

भांडे उघडले तेव्हा

आता सर्व मदार दोन गोष्टींवर आली. भांडे घट्ट असले पाहिजे आणि ते वेळेत शरीराबाहेर गेले पाहिजे. ज्याची मूत्रपिंडे चालत नाहीत, त्याच्या बाबतीत दुसरी अट मोडते. दीड तासाच्या जागी तीस-तीस तास औषध अंगात फिरत राहते. एवढ्या अवधीत शरीरातले जस्तासारखे दुसरे धातू भांड्यातल्या जागेवर हक्क सांगतात आणि गॅडोलिनियम बाहेर पडतो.

हे कळले ते रोग्यांच्या अंगावरून. १९९७ पासून अमेरिकेत डायलिसिसच्या काही रोग्यांत एक नवाच विकार दिसू लागला. हातापायांची कातडी जाड आणि लाकडासारखी टणक होई, सांधे आखडत, काही जणांना चालता येईनासे होई. २००० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, पण कारण सापडेना. उलट त्या काळात क्ष-किरण तपासणीतल्या आयोडीनच्या औषधापेक्षा गॅडोलिनियम मूत्रपिंडाला सौम्य, अशी समजूत होती. म्हणून अशाच रोग्यांना ते मोकळ्या हाताने, कधी कधी जादा मात्रेतही दिले जात होते. २००६ मध्ये ऑस्ट्रिया आणि डेन्मार्क येथील डॉक्टरांनी या विकाराचा गॅडोलिनियमशी संबंध दाखवला. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. त्यानंतर अशा रोग्यांबाबत हात आखडता घेतला गेला, आणि विकाराचे नवे रुग्ण झपाट्याने कमी झाले.

तेव्हा २००९ मध्ये माझ्या सोबत्याला नकार मिळाला तो या धड्यामुळे. त्या दिवसाच्या ज्ञानाप्रमाणे तो नकार योग्यच होता. त्याला अर्धे यंत्र मिळाले, कारण त्याच्यासारख्या अनेकांनी त्यापूर्वी फार मोठी किंमत मोजली होती.

चौकशीत एक गोष्ट स्पष्ट झाली. भांडी दोन जातींची होती. एका जातीत धरणाऱ्या रेणूची सरळ साखळी असते. ती धातूभोवती गुंडाळते, पण एका टोकाने सुटू लागली की उलगडू शकते. दुसऱ्या जातीत रेणूचे बंद कडे असते, आणि धातू त्यात पक्का बसतो. विकाराचे बहुतेक रुग्ण साखळीच्या जातीचे औषध घेतलेले निघाले. पुढे २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली: वारंवार ही औषधे घेतलेल्या काही रोग्यांच्या मेंदूच्या विशिष्ट भागांत गॅडोलिनियमचा अंश राहून गेलेला दिसतो. मूत्रपिंडे चांगली असणाऱ्यांना त्यामुळे अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही; तरीही युरोपच्या औषध संस्थेने २०१७ मध्ये साखळीच्या जातीतली काही औषधे बाजारातून काढून घ्यायला लावली. आज भर बंद कड्याच्या औषधांवर आहे, आणि अगदीच निकड असेल तर डायलिसिसच्या रोग्यालाही डॉक्टर विचारपूर्वक ते देतात.

काजळीतला पिंजरा

याच भांड्याच्या शोधात काही शास्त्रज्ञ कार्बनकडे, म्हणजे जुन्या पुस्तकांतल्या कर्बाकडे वळले. कोळसा कर्बाचा, पेन्सिलीतले शिसे म्हणतो ते कर्बाचे, हिरा कर्बाचा, आणि दिव्यावर धरलेली काजळीही कर्बाचीच. १९८५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील ह्यूस्टन येथे राइस विद्यापीठात हॅरोल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांनी ग्रॅफाइटवर लेझरचा मारा करून त्याची वाफ केली, तेव्हा साठ अणूंचा एक रेणू वारंवार आढळू लागला. त्याची रचना हुबेहूब फुटबॉलसारखी: बारा पंचकोन, वीस षट्कोन, आणि आत पोकळी. त्याला फुलरीन हे नाव पडले, आणि १९९६ मध्ये तिघांना नोबेल मिळाले. १९९० मध्ये क्रेच्मर आणि हफमन यांनी तो ढिगाने मिळवण्याची साधी रीत दाखवली. हेलियम वायूत ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्ये वेल्डिंगसारखी विजेची ठिणगी धरायची, जमणारी काजळी खरवडायची आणि द्रावकात धुवायची.

हा पिंजरा किती लहान? मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. पिंजऱ्याचा व्यास जवळपास तेवढाच. आता कांडीतच गॅडोलिनियमचे भस्म भरून ठिणगी धरली तर काही पिंजरे बंद होताना धातूचा एक अणू आत घेऊनच बंद होतात. ब्याऐंशी कर्बाणूंच्या पिंजऱ्यात तो चांगला बसतो. येथे धरणारे हात नाहीत, तर चहूकडून भिंत आहे. भिंतीतली छिद्रे इतकी लहान की धातू त्यांतून येऊच शकत नाही. जस्त आले काय आणि ताम्र आले काय, आतल्याशी कोणाची गाठच पडत नाही. साखळी उलगडते, कडे क्वचित सैलावते. पण हा पिंजरा फोडल्याखेरीज कैदी सुटणार नाही.

आपण लगेच विचाराल, की मग नवव्या खिडकीचे काय? पाणी धातूपर्यंत पोचलेच नाही तर भोवरे स्थिरावणार कसे? शंका रास्त आहे. आतला धातू आपले तीन इलेक्ट्रॉन पिंजऱ्याला देतो, त्यामुळे चुंबकत्वाचा प्रभाव पिंजऱ्याच्या भिंतीपर्यंत येतो. भिंतीवर बाहेरून पाण्याशी सलगी करणारे गट जोडले की ते पाण्याला जवळ ओढतात आणि प्रभाव पाण्यापर्यंत पोचवतात. हे गट जोडणे तसेही भागच असते, कारण नुसती काजळी पाण्यात विरघळत नाही.

२००१ मध्ये जपानमधील शास्त्रज्ञांनी असा पिंजरा तयार करून मोजमाप प्रसिद्ध केले. एक टेस्ला चुंबकात पाण्याचे भोवरे स्थिरावण्याची त्याची शक्ती ८१ भरली, तर नेहमीच्या औषधाची चारच्या आसपास. म्हणजे वीस पट! उंदरांना नेहमीच्या मात्रेचा विसावा भाग देऊनही चित्रे उजळली. वाचताना माझ्या मनात प्रथम आला तो तो रिक्षातला प्रश्न. मात्रा विसावा भाग आणि भांडे न फुटणारे. मग अडले कोठे?

अडले ते असे. त्या उंदरांत उजळले होते ते फुफ्फुस, यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंड. परके कण गिळून साठवणाऱ्या पेशींची वस्ती असते अशा अवयवांचा, विशेषतः यकृत आणि प्लीहा यांचा, यात समावेश आहे. याचा अर्थ, औषध सरळ बाहेर न जाता शरीराच्या गोदामांत पडून राहत होते. २००३ मध्ये राइस विद्यापीठात लॉन विल्सन यांच्या मंडळींनी साठ कर्बाणूंच्या पिंजऱ्यात गॅडोलिनियम घेऊन बाहेर वेगळ्या जातीचे गट जोडले. हे द्रव्य उंदरांच्या जातीच्या प्राण्यात गोदामात अडकले नाही. पण त्याची शक्ती मोजली तर ती भरली ४.६, म्हणजे बाजारातल्या औषधाएवढीच.

या विरोधाचे मर्म २००५ मध्ये उलगडले. पाण्यात हे पिंजरे सुटे राहत नाहीत. एकमेकांना चिकटून त्यांचे घोस होतात. घोस जड असतो, तो पाण्यात सावकाश फिरतो, आणि फिरणे मंद असले की भोवऱ्यांवरचा प्रभाव वाढतो. द्रावणात क्षार घातले तेव्हा घोस फुटले आणि शक्ती एकदम उतरली. आपल्या रक्तात तर क्षार असतातच. अर्थात, दिपवणाऱ्या आकड्यातला मोठा भाग पिंजऱ्याचा नव्हता, तर घोळक्याचा होता. आणि सुटा पिंजरा सहज बाहेर पडतो, पण घोळका गोदामात अडकतो. ज्यामुळे चित्र उजळते, त्याचमुळे औषध मुक्कामाला राहते. या विषयातली खरी गाठ हीच, असे मला वाटते.

नळ्या आणि हिरे

कर्बाची आणखी रूपे आहेत, त्यांचा थोडक्यात परामर्श घेतो. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या कामामुळे कर्बाच्या नॅनोनळ्यांकडे जगाचे लक्ष गेले. ग्रॅफाइटचा एक पापुद्रा गुंडाळून पुंगळी करावी तशी ही नळी. २००५ मध्ये विल्सन यांच्याच प्रयोगशाळेत या नळ्यांचे २० ते ८० नॅनोमीटर लांबीचे तुकडे करून त्यांत गॅडोलिनियमच्या अणूंचे पुंजके बसवले, आणि नेहमीच्या औषधाच्या सुमारे चाळीस पट शक्ती नोंदवली. २०१० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात बारीक हिऱ्यांच्या पृष्ठभागावर गॅडोलिनियमचे औषध जोडून दहा पटींहून अधिक शक्ती मिळवली. हे हिरे चार-पाच नॅनोमीटरचे. बंद पात्रात स्फोटके उडवली की कर्बाच्या राखेत ते सापडतात, आणि ही रीत सोव्हिएत संघात १९६३ च्या सुमारास प्रथम हाती आली. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे तर गॅडोलिनियमच वगळून हिऱ्यातल्या कर्बाच्या गाभ्याला यंत्राने ओळखता येईल काय, याचे प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. धातूच नको, म्हणजे विषाचा प्रश्नच नको, ही कल्पना मोठी मोहक आहे.

मात्र एक गोष्ट आपल्याला स्वच्छ सांगितली पाहिजे. इतकी वर्षे लोटूनही कर्बाचे यांपैकी एकही द्रव्य एमआरआयच्या नित्य वापरासाठी मंजूर झालेले नाही. तयार होणाऱ्या काजळीत भरलेले पिंजरे फारच थोडे मिळतात, ते वेगळे करणे खर्चाचे असते, आणि एका घाण्यातला माल दुसऱ्या घाण्यासारखा निघेल याची हमी कठीण. या अडचणी कारागिरीच्या आहेत, त्या केव्हातरी सुटतील. त्यांहून मोठा प्रश्न आहे तो हा, की भांडे शरीरातून जाते कधी? मधल्या काळात साध्या भांड्यांनीही सुधारणा केली. २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले बंद कड्याचे एक नवे औषध नेहमीच्या निम्म्याच मात्रेत काम करते. वीस पटींची घोषणा नाही; पण ते मूत्रपिंडावाटे बाहेर जाते, आणि ते दवाखान्यात पोचले.

भांडी घडवणारे हात

येथपर्यंत रोग्याचा विचार झाला. मी ज्या चळवळीत वाढलो तिने मला आणखी एक प्रश्न विचारायला शिकवले आहे: हे तयार कोण करतो, आणि त्याच्या नाकातोंडात काय जाते?

तरुणपणी मी ज्या कारखान्यात होतो तेथे वाफेच्या नळांवरचे ॲस्बेस्टॉसचे लेप हातांनी उकरून काढीत. तोंडाला बांधायला रुमाल, तोही स्वतःचा. पांढरा भुगा खांद्यावर घेऊन माणसे जेवायला बसत. ॲस्बेस्टॉसचा रोग वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी उठतो. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो आणि त्याच्या खोकल्याचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो. म्हणून कर्बाच्या नळ्यांविषयी वाचताना मी सावध झालो. २००८ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत या नळ्या सोडून पाहिल्या. लांब आणि ताठ नळ्यांनी ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखाच दाह आणि व्रण उठवले. आखूड आणि गुंतवळासारख्या नळ्यांनी तसे केले नाही. कारण समजण्यासारखे आहे. शरीराच्या सफाई पेशी कण गिळून टाकतात. पण तंतू पेशीहून लांब असला तर ती त्याला पुरते गिळू शकत नाही, आणि ही धडपडच दाहाला कारण होते.

यावरून सगळ्या कर्बकणांना ॲस्बेस्टॉस म्हणणे अन्यायाचे होईल. एमआरआयसाठी सुचवलेले तुकडे अगदी आखूड आहेत. परंतु ते कापण्यापूर्वी नळ्या लांबच असतात, आणि त्या हाताळणारा कोणीतरी असतोच. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये शिफारस केली, की पाळीच्या आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत या धुळीचे प्रमाण १ मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापेक्षा अधिक असू नये. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लांब, ताठ अशा एका विशिष्ट जातीच्या नळीला माणसात कर्करोगाचा संभव असलेल्या वर्गात घातले. बाकीच्या जातींविषयी निर्णय देण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. ॲस्बेस्टॉसच्या वेळी हे शहाणपण माणसे मेल्यावर आले. या खेपेला ते उंदरांवर थांबले आहे. ही मला मोठी प्रगती वाटते, आणि ती टिकवणे आपल्या हाती आहे.

"गेले कुठे?" हा प्रश्न शरीराच्या हद्दीवर संपत नाही. १९९६ मध्ये जर्मनीतल्या नद्यांच्या पाण्यात गॅडोलिनियम प्रमाणाबाहेर आढळल्याचे प्रसिद्ध झाले. रोग्याच्या लघवीतून गेलेले औषध सांडपाण्याच्या शुद्धीकरणातून तसेच निसटून नदीला मिळत होते. भांडे इतके घट्ट, की तेथेही उघडले नाही!

समारोप

तेव्हा सोबत्याच्या प्रश्नाचे उत्तर मी आता देऊ शकतो. यंत्र सर्वांना सारखेच आहे. पण त्याचे उरलेले अर्धे काम एका विषावर चालते, आणि ते विष सांभाळणारे भांडे ज्याच्या अंगात वेळेवर रिकामे होत नाही, त्याला ते देताना हात थरथरलाच पाहिजे. कर्बाचा पिंजरा हे आजवर सुचलेल्या भांड्यांतले बहुधा सर्वांत घट्ट भांडे. घट्टपणाची परीक्षा तो उत्तम रीतीने उतरला. वाटेची परीक्षा अजून बाकी आहे. ती पुरी झाल्याशिवाय त्याला रोग्याच्या शिरेत प्रवेश नाही, हा उशीर मला खटकत नाही. १९९७ ते २००६ ही नऊ वर्षे ज्यांची कातडी लाकूड झाली, त्यांचे ते देणे आहे.

आपल्यापैकी कोणावर एमआरआयची वेळ आली तर भिऊ नका. पुष्कळ चित्रे या औषधाशिवायच निघतात. औषध लागणारच असेल तर आपल्या मूत्रपिंडाचे काही दुखणे आहे काय, पूर्वी कितीदा हे औषध घेतले, हे आपण होऊन सांगा, आणि औषध कोणत्या जातीचे आहे, साखळीचे की कड्याचे, हे विनयाने विचारा. चांगला डॉक्टर अशा प्रश्नाने रागावत नाही. आणि वर्तमानपत्रात नव्या कणाची बातमी वाचाल, वीस पट, चाळीस पट असे आकडे दिसतील, तेव्हा आनंद माना; फक्त त्याबरोबर हे तीन प्रश्न विचारायला विसरू नका: हे शरीरातून जाते कधी, जाते कोठे, आणि ते घडवणाऱ्याच्या छातीत किती उरते?

तो सोबती आज येथे असता तर मागच्या रांगेत बसला असता आणि सभा संपल्यावर म्हणाला असता, "भाऊ, लांबवलंत." म्हणून येथेच थांबतो.